एफटीओ जनुक

मानवाच्या १६व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील जनुक. सर्वसामान्य लोकसंख्येतील लठ्ठपणाशी ज्या जनुकीय भेदांचा संबंध सर्वांत आधी खात्रीने सिद्ध झाला, ते भेद या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची रचना न ठरवणाऱ्या पट्ट्यात आहेत. रक्तातील मेदद्रव्यांशीही त्यांचा संबंध दिसतो. तो मात्र मुख्यतः वाढलेल्या वजनामार्फत येतो.

शोध : लठ्ठपणाचे जनुक शोधताना हा भेद सापडला नाही. ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या १,९२४ रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना २,९३८ इतर व्यक्तींशी केली जात होती. त्यात १६व्या गुणसूत्रावरची ही जागा मधुमेहाशी जोडलेली दिसली. पण वजनातील फरक हिशेबात धरताच तो संबंध मावळला. टिमोथी फ्रेलिंग व सहकाऱ्यांनी मग ३८,७५९ व्यक्तींमध्ये पडताळा घेतला (२००७). आरएस९९३९६०९ या स्थानी थायमीनऐवजी ॲडेनीन असलेल्या प्रती आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेल्यांचे वजन, अशी एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किग्रॅ.ने अधिक आणि लठ्ठपणाची जोखीम सुमारे १.६७ पट आढळली. युरोपीय प्रौढांपैकी सुमारे १६ टक्के या गटात मोडतात. जन्मवजनात फरक नव्हता. तो वयाच्या सातव्या वर्षापासून दिसू लागला आणि तोही चरबीत. त्याच वर्षी फ्रान्समधील आणि सार्डिनिया बेटावरील अभ्यासांतून स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष निघाला.

प्रथिनाचे कार्य : न्यूक्लिइक आम्लांवरील मिथिल गट काढून टाकणारे एंझाइम. हे जनुक निकामी केलेले उंदीर कृश राहतात, जादा प्रती दिलेले लठ्ठ होतात.

यंत्रणा : उंदरांवरील या प्रयोगांमुळे लठ्ठपणाचे कारण एफटीओ प्रथिनच असावे, असे काही वर्षे गृहीत धरले गेले. मानवातील भेद मात्र प्रथिनात काहीच बदल करत नाहीत. शिकागो विद्यापीठातील मार्सेलो नोब्रेगा यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की इंट्रॉनचा हा पट्टा सुमारे पाच लाख बेस-जोड्या दूर असलेल्या आयआरएक्स३ या दुसऱ्याच जनुकाशी संपर्क साधतो. डीएनएची घडी पडून दूरचे हे दोन भाग समोरासमोर येतात. आयआरएक्स३ नसलेल्या उंदरांचे वजन २५ ते ३० टक्क्यांनी कमी भरले. जनुकाच्या हद्दीत भेद सापडला म्हणून तेच जनुक कारणीभूत, हा तर्क किती घाईचा ठरू शकतो याचे इतके स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात दुसरे नाही.

२०१५ मध्ये मेलिना क्लाउसनिट्झर, मानोलिस केलिस व सहकाऱ्यांनी या पट्ट्यातील परिणाम घडवणारे नेमके अक्षर शोधले. आरएस१४२१०८५ येथे थायमीनच्या जागी सायटोसीन आले, की एआरआयडी५बी हे दमनकारी प्रथिन तेथे नीट चिकटत नाही. त्याचा लगाम सुटल्यावर आयआरएक्स३ व आयआरएक्स५ ही जनुके जास्त काम करू लागतात आणि घडणीच्या अवस्थेतील मेदपेशी उष्णता निर्माण करणारी न होता चरबी साठवणारी होते. जोखमीचा भेद असलेल्या व्यक्तींच्या मेदपेशींत संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने सायटोसीनच्या जागी पुन्हा थायमीन बसवले, तेव्हा पेशींची उष्णतानिर्मिती सातपट वाढली. एका अक्षराच्या दुरुस्तीचा हा परिणाम प्रयोगशाळेतील पेशींपुरता आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांच्या अभ्यासात (२००८) याच पट्ट्यातील आरएस९९३९६०९ या भेदाचा संबंध ऊर्जा खर्चाशी नव्हे, तर जास्त उष्मांकांचे अन्न खाण्याशी दिसला होता. त्यामुळे मेंदूतील भूकनियंत्रणाचा वाटा किती आणि मेदपेशींचा किती, यावर एकमत नाही.

रक्तातील मेदद्रव्ये : १७,०३७ युरोपीय व्यक्तींच्या विश्लेषणात (२००८) जोखमीच्या भेदासोबत ट्रायग्लिसराइड किंचित जास्त आणि एचडीएल कोलेस्टेरॉल किंचित कमी आढळले. वजनवाढीमुळे जेवढा अपेक्षित, तेवढाच हा फरक होता. पीसीएसके९ जनुकाचे याच्या उलट आहे : त्यातील कार्यलोपी भेद वजनाला हात न लावता थेट एलडीएल कोलेस्टेरॉल उतरवतात.

भारतीय लोकसंख्या : जोखमीचा भेद युरोपीयांच्या तुलनेत कमी आढळतो. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे गिरिराज चांडक यांच्या गटांनी २००९ मध्ये नोंदवले, की भारतीयांत या भेदाचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनाने पुरता उलगडत नाही. पुढे आशियाई अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही वजन हिशेबात धरल्यावर हा संबंध क्षीण झाला, पण नाहीसा झाला नाही. प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. येथे मोजमापाचीच अडचण आहे. ‘लॅन्सेट’मधील एका छायाचित्रात (२००४) याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातही नवजात बालके वजनाने हलकी, पण त्वचेखालील चरबी टिकवून असलेली आढळली. वजनकाट्यावर न दिसणारी चरबी ज्या समाजात एवढी आहे, तेथे युरोपीय मोजपट्टीने जनुकाचा परिणाम मोजणे अपुरे आहे.

परिसर व जीवनशैली : अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात या भेदाचा वजनावरील परिणाम साधारण १९४२ नंतर जन्मलेल्यांत ठळक होतो; जनुक तेच होते, भोवतालचे अन्न आणि श्रम बदलले. २,१८,१६६ प्रौढांच्या माहितीनुसार (२०११) शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या भेदामुळे वाढणारी लठ्ठपणाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते.

चिकित्सेतील उपयोग : वजनाशी संबंधित असे शेकडो भेद आता ज्ञात आहेत आणि एफटीओचा एकट्याचा वाटा अल्प आहे. आठ नियंत्रित चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१६) आहार, व्यायाम वा औषधांनी घटलेले वजन हा भेद असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारखेच आढळले. त्यामुळे एफटीओची चाचणी करून कोणाचा आहार किंवा उपचार ठरवण्यास सध्या आधार नाही.