टोकणे आणि उधळणे

हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार १९०७ च्या सुरत काँग्रेसला हजर होता. त्याच्या ‘द न्यू स्पिरिट इन इंडिया’ (१९०८) या पुस्तकातला त्या अधिवेशनाचा वृत्तान्त मी मारतहळ्ळीतल्या घरी बसून मराठीत उतरवत होते. वाक्ये सोपी होती. अडले ते सभेतल्या गोंगाटापाशी. त्याला मराठीत काय म्हणायचे?

आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत. वक्त्याला मध्येच टोकणे, त्याची हुर्यो उडवणे, सभा उधळणे. इंग्रजीतला ‘हेकल’ हा शब्द मुळात जवसाच्या झाडाचे धागे फणीने विंचरण्याचा. पुढे स्कॉटलंडमध्ये तो उमेदवाराला भर सभेत प्रश्नांनी पिंजून काढण्यासाठी वापरात आला. पिंजण्यासाठी कापूस हाताशी असावा लागतो. तसा टोकणाऱ्याला वक्ता समोर उभा हवा असतो, कारण त्याला उत्तर हवे असते. उधळणाऱ्याला उत्तर नको असते. सुरतेत टोकण्यापासून उधळण्यापर्यंतचे अंतर दोन दिवसांत कापले गेले.

भांडणाला कारणे होती. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले होते. मवाळ पुढारी ते पातळ करणार, असा जहालांना संशय होता. अधिवेशन नागपूरला ठरले होते, ते सुरतेला हलवले गेले. सुरत म्हणजे फिरोजशहा मेहतांच्या वर्चस्वाचा प्रांत. अध्यक्ष म्हणून जहालांना लाला लजपतराय हवे होते. ते बाजूला झाले आणि रासबिहारी घोष यांचे नाव पुढे आले.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी या नावाला अनुमोदन द्यायला उठले, तेव्हा मिदनापूरच्या आणि नागपूरच्या नावाने आरोळ्या सुरू झाल्या. बॅनर्जींसारख्या वक्त्याला एक वाक्यही धड पुरे करता येईना. बैठक तहकूब झाली. ओरडणारे बहुतेक जहाल बाजूचे होते.

दुसऱ्या दिवशी पारडे फिरले. अध्यक्षनिवडीच्या ठरावावर आपल्याला बोलायचे आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे पाठवली होती. तिला उत्तर आले नाही. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले आणि ते भाषणाला उठले. तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले, हाताची घडी घालून उभे राहिले आणि आपला बोलण्याचा हक्क मागू लागले. आता ‘खाली उतरा’ म्हणून ओरडण्याची पाळी मवाळांची होती. आदल्या दिवशी ज्यांच्या बाजूने दुसऱ्याचे बोलणे बंद पाडले होते, त्यांच्याच नेत्याला आज सभेने आपले ऐकून घ्यावे असे वाटत होते. टिळकांची मागणी मला रास्त वाटते. पण तिच्यामागचे बळ आदल्या दिवशीच्या आरोळ्यांनी आधीच खाल्ले होते.

मग तो प्रसिद्ध जोडा आला. लाल कातड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा, असे नेव्हिन्सन लिहितो. तो बॅनर्जींच्या गालाला लागून मेहतांवर आदळला. तो कोणावर नेम धरून फेकला होता, यावर दोन्ही पक्षांचे कधी एकमत झाले नाही. पुढे काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला.

जोडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच वृत्तान्तातली दुसरी हालचाल मात्र विसरली गेली. माणसे टिळकांच्या अंगावर धावून येऊ लागली, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या बाजूला धावले आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या आड उभे राहिले. या दोघांचे वैर जुने होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासूनचे मतभेद होते, सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्याचा सल होता. १८९७ साली प्लेगच्या प्रकरणात गोखल्यांनी माफी मागितली, तेव्हा पुण्यात त्यांची भरपूर हेटाळणी झाली होती. सुरतेत त्यांनी टिळकांचे म्हणणे मान्य केले नाही, त्यांना भाषणाची पाळीही मिळवून दिली नाही. त्यांनी फक्त विरोधकाच्या अंगाला हात लागू दिला नाही. सभ्यतेची ही किमान पायरी. तिच्यावरची पायरी, म्हणजे विरोधकाला त्याची पाळी देणे, त्या दिवशी कोणीच चढले नाही.

दुसऱ्याच दिवशी मवाळांनी वेगळी परिषद भरवली. पुढे एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला नवी घटना झाली आणि ठरलेल्या ध्येयावर सही करील त्यालाच प्रतिनिधी होता येईल, असे ठरले. टोकणारे बाहेर राहिले. सभा शांत झाल्या, आणि ओसही पडल्या. सुरतेला सुमारे १६०० प्रतिनिधी होते, १९०८ च्या मद्रास अधिवेशनाला ६२६, तर १९०९ मध्ये लाहोरला अवघे २४३. तोवर टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. फाटलेली काँग्रेस सांधायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले.

१५ डिसेंबर २०२० रोजी इथे बंगळूरच्या विधान सौधात, विधान परिषदेत, सभापतींच्या आसनावर बसलेल्या उपसभापतींना सदस्यांनी ओढून खाली उतरवले. दोन्ही बाजू नियमांचाच हवाला देत होत्या. ती चित्रफीत पाहताना मला सुरतेचा मंडप आठवला. तिथेही भांडण आधी खुर्चीचे होते, मुद्द्याची पाळी आलीच नाही. फरक एवढाच की हात पसरून आड उभे राहणारे कोणी मला त्या चित्रफितीत दिसले नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. स्मशानात टिळक बोलले. ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रूंची आहे, असे त्यांनी जमावाला सांगितले आणि ज्याच्याशी आयुष्यभर भांडले, त्याच्या कामाचा मोठेपणा मोकळेपणाने मांडला. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकून घेतले. ज्याच्याविषयी ते बोलत होते, त्यालाच तेवढे ते ऐकता आले नाही.

अनुवादात मी शेवटी दोन शब्द ठेवले. २६ तारखेच्या सुरुवातीच्या आरोळ्यांना ‘टोकणे’, आणि बॅनर्जींना खाली बसावे लागले तिथून पुढच्या साऱ्या गोंधळाला ‘उधळणे’. दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द चालला असता.