अदृश्य दोरा आणि हवेचा जोर : बॉईलच्या नियमाची जन्मकथा

१/ तापमान स्थिर असता वायूचे आकारमान त्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकणारा हा नियम एका कडव्या वादातून जन्मला.

२/ १६६० साली रॉबर्ट बॉईल याने हवेच्या लवचीकतेवरील आपले प्रयोग ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केले. तरुण सहायक रॉबर्ट हूक याने घडवलेल्या पंपाने काचपात्रातील हवा उपसली, की आत ठेवलेल्या नळीतील पारा खाली उतरे. बॉईलचा निष्कर्ष असा : पारा तोलून धरते ती हवाच.

३/ १६६१ मध्ये फ्रान्सिस लाइन या जेझुइट पंडिताने आक्षेप घेतला. हवेत जोर असेलही, पण २९ इंच पारा पेलण्याइतका नाही. नळीचे वरचे तोंड बोटाने झाकले असता बोट आत ओढले जाते. तेव्हा पारा एका अदृश्य दोऱ्याने टांगलेला असला पाहिजे!

४/ बॉईलने शब्दांऐवजी मोजमापाने उत्तर दिले. एक वळवलेली काचेची नळी घेतली. तिची आखूड बाजू बंद, लांब बाजू उघडी. ती इतकी उंच होती की प्रयोग जिन्यात करावा लागला. नळी फुटल्यास पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली होती.

५/ आखूड बाजूत १२ इंच हवा कोंडली होती. तिच्यावर वातावरणाचा दाब, म्हणजे सुमारे २९ इंच पारा. वरून पारा ओतत गेल्यावर हवा ६ इंचांत मावली, तेव्हा एकूण दाब सुमारे ५९ इंच भरला. ३ इंचांत मावली, तेव्हा सुमारे ११८. दाब दुप्पट, हवा निम्मी. दाब चौपट, हवा पाव. २९ इंच पेलण्याची शंका तिथेच मिटली.

६/ ही आकडेवारी १६६२ च्या आवृत्तीत आली. व्यस्त प्रमाणाची कल्पना रिचर्ड टाउनली याची, हे बॉईलने त्यातच नमूद केले. टाउनली आणि हेन्री पॉवर यांनी १६६१ मध्ये लँकेशायरच्या पेंडल टेकडीवर हवा मोजून पाहिली होती.

७/ पुढे फ्रान्समध्ये एदम मारियोत याने हाच नियम मांडला. तेथे तो त्याच्या नावानेही ओळखला जातो. टाउनलीचे नाव मात्र मागे पडले. आणि लाइन? त्याचा दोरा खोटा ठरला, पण त्याने आक्षेप घेतला नसता तर बॉईल त्या जिन्यात पारा मोजत उभा राहिला असता का?