हाताची हजेरी : लकव्यानंतरच्या सुधारणेच्या मोजणीचा इतिहास

गोंदियात ‘लकवा मारला’ म्हणतात, इतरत्र ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात, ग्रंथांत ‘पक्षाघात’ लिहितात. चरकसंहितेत त्याची चर्चा वातव्याधींच्या अध्यायात येते, तेव्हा ‘वारे’ हा शब्द नुसत्या लोकसमजुतीतला नव्हे. आजचे डॉक्टर मुळाशी असलेल्या घटनेला स्ट्रोक म्हणतात. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि बहुधा उलट बाजूचे अंग लुळे पडते. मी डॉक्टर नाही. जुने अहवाल आणि शोधनिबंध वाचणे हा माझा नाद. त्या वाचनात एक प्रश्न मनात घर करून बसला. रोगी सुधारतो आहे, हे आजवर कोणी, कशाने आणि कुठे मोजले?

प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन तपासली. सर्वाधिक मृत्यू स्ट्रोकने झाले होते. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूत त्या निष्कर्षाने मोडीत काढली. पण मृत्यूची निदान नोंद होते. जे वाचतात आणि लुळा हात घेऊन घरी परततात, त्यांच्या पुढच्या दिवसांची नोंद कोण ठेवतो?

मोजण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून नेटाने सुरू झाले. १९५७ मध्ये ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी रोग्याच्या परावलंबनाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्थेल निर्देशांक प्रसिद्ध झाला. जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशा दहा गोष्टींना गुण आणि बेरीज शंभर. १९७५ मध्ये स्वीडनच्या फुगल-मेयर यांनी खांदा, कोपर, मनगट, बोटे यांची एकेक हालचाल तपासणारी मोजपट्टी दिली. आपल्याकडे याच सुमारास पुनर्वसनाचे शास्त्र रुजत होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, त्यामागे पोलिओचे संकट होते. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली.

या मोजपट्ट्या आजही वापरात आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. मात्र फुगल-मेयरसारखी तपासणी होते ती तपासणाऱ्यासमोर. ‘हात वर करा’ म्हटले की रोगी जोर लावून हात वर करतो आणि त्याला गुण मिळतात. उरलेल्या तेवीस तासांत तो हात काय करतो, हे त्या कागदावर येत नाही. रँकिन आणि बार्थेल रोजच्या कामांबद्दल विचारतात, पण काम झाले की नाही एवढेच. डाव्या हाताने जेवले तरी जेवणाचे गुण मिळतात.

आमच्या घरातच याचे उदाहरण होते. माझे थोरले काका बिडी वळायचे. या भागात तेंदूपान आणि बिडीवर हजारो घरे चालली. मजुरी हजार बिड्यांमागे मिळे, म्हणून हाताचे काम रोज मोजले जाई. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात थोडा परत आला, पेला धरता येई. तरी वर्षभरात ते सगळे डाव्या हाताने करू लागले. काकू भात कालवून द्यायची, शर्टाची बटणे पुतण्या लावायचा. घरच्यांची ती माया होती. उजवा हात मांडीवर पडून राहिला. ज्या हाताच्या बिड्या हजारात मोजल्या, त्याची हालचाल मोजणारे मात्र कोणी नव्हते.

याला पुढे शास्त्रात नाव मिळाले, ‘शिकलेला अ-वापर’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून ही कल्पना मांडली. सुरुवातीला हात वापरायला गेले की अपयश येते, चांगल्या हाताने काम भागते, आणि क्षमता परतली तरी मेंदू तो हात हिशेबातूनच काढून टाकतो. टॉब यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये पोलिसांचा छापा पडला आणि मोठा वाद झाला, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे. त्याच कल्पनेवरून चांगल्या हाताला हातमोजा घालून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची उपचारपद्धती निघाली. २२२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत तिचा फायदा दिसला. ते निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरली होती, अशांवरच ती चाचणी झाली.

आता प्रश्न आला, घरी हात वापरला जातो हे कळायचे कसे? रोग्याला विचारले तर त्याला आठवते तेवढे, किंवा समोरच्याला बरे वाटेल तेवढे, तो सांगतो. इथे अंगावरची यंत्रे आली. त्यांचा पूर्वज जुना आहे. फ्रान्सच्या एतियेन-जूल मारे यांनी १८७० च्या दशकात तळव्याखाली हवेची पोकळी असलेला बूट बनवून पावलांचा दाब कागदावर उमटवला होता. पुढे मोटारीच्या एअरबॅगसाठी त्वरण मोजणाऱ्या इवल्याशा चिप स्वस्त झाल्या आणि तसेच तंत्र मनगटी पट्ट्यात मावले. २००० च्या सुमारास टॉब यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या रुग्णांच्या दोन्ही मनगटांना अशी यंत्रे बांधून दिवसभराची नोंद घ्यायला सुरुवात केली.

दोन्ही मनगटांना का, याचे उत्तर मला सर्वांत रंजक वाटले. अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी प्रौढांचा उजवा, म्हणजे सवयीचा, हात दिवसात सरासरी ९.१ तास हालत होता आणि दुसरा ८.६ तास. आपण उजव्या हाताचे म्हणवतो, पण डावाही जवळपास तेवढाच राबतो. भांडे धरतो, कागद दाबतो, पदर सावरतो. हे गुणोत्तर ढळले की हात मागे पडल्याचे कळते. एकाच मनगटावर घड्याळ बांधून ते कळत नाही.

यंत्रांनी एक कटू सत्यही दाखवले. २०१२ मध्ये कॅनडातून आलेल्या अभ्यासात, पुनर्वसनाच्या काळात रुग्णांचे चाचणीतील गुण वाढले. दुबळ्या हाताचा रोजचा वापर मात्र त्या मानाने वाढला नाही. हात करू शकतो एक आणि करतो दुसरेच.

यंत्रही भोळे असते. चालताना हात झुलला तरी ते ‘काम’ म्हणून मोजते. पाय ओढत हळू चालणाऱ्याची पावले मनगटावरचे यंत्र गाळते. घोट्यावर बांधले तर मोजणी सुधारते. नुसता झोका आणि खरे काम यांत फरक कसा करावा, यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील जैवअभियांत्रिकीच्या मंडळींनी काम केले आहे आणि वेगवेगळ्या गणनपद्धतींची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध केली आहे. वाकून रोवणी करणारी बाई, उकिडवे बसून भांडी घासणारी बाई, एकाच हाताने जेवणारी माणसे, यांची हालचाल परदेशी सरासरीत बसेलच असे नाही. आपले आकडे आपल्यालाच जमवावे लागतील.

पण आकडा जमवून पुढे काय? भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवले होते. २०१७ मध्ये निकाल आला, सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. निकाल रँकिनच्या सुधारित मोजपट्टीवर ठरला होता. घरी हात दिवसाकाठी किती वेळ कामाला लागला, हे ती मोजपट्टी सांगू शकत नाही. घरच्यांवर सारा भार टाकून भागत नाही, हे मात्र तिने सांगितले.

उत्तराचा एक धागा मला पुन्हा गडचिरोलीतच दिसतो. बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना डॉ. अभय बंग यांनी निरक्षर सुईणींनाही वापरता येईल असे, मणी सरकवत श्वास मोजण्याचे साधन तयार केले होते. बालमृत्यू कमी झाले ते मोजण्याबरोबर गावातच औषध देणारी प्रशिक्षित माणसे होती म्हणून. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. मोजणी आणि उपचार एकाच हाती होते.

मनगटी पट्ट्याला हीच कसोटी लावावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. पण सालेकसा किंवा देवरीच्या गावातून लकव्याच्या रोग्याला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला आणणे म्हणजे दोघांची मजुरी बुडवणे. तिथे पट्टा सांगेल की उजवा हात मागे पडतो आहे. ते वाचून त्याच आठवड्यात घरी जाणारे, ‘काका, पाण्याचा पेला आज या हाताने’ म्हणणारे आणि घरच्यांना थोडा धीर धरायला शिकवणारे माणूस लागेल. हजेरीपट मांडला की हजेरी घेणाराही नेमावा लागतो. पट्ट्याची किंमत वर्षागणिक उतरते आहे. त्या माणसाच्या पगाराची तरतूद आता व्हायला हवी.