पेटीवरची वेल

मागच्या वर्षी एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाआधी रुखवत बघायची आपल्याकडे रीतच आहे. टेबलावर पाट, चौरंग, ट्रे, सुपारीचा डबा अशा लाकडी वस्तू मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर भरतकामाचे पॅच चिकटवलेले. पाटाच्या कडेने कोयऱ्या, डब्याच्या झाकणावर मोर. मी सहज विचारलं, "वहिनी, हे कुणी केलं?" त्या हसून म्हणाल्या, "भावोजी, करायचंय कशाला कुणी? पॅच बाजारात मिळतात. फेविकॉल लावला की झालं!"

उत्तर खोटं नव्हतं, पण मला ते लागलं. का, ते शेवटी सांगतो.

लाकडाच्या वस्तूला भरतकामानं सजवायची हौस आजची नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुली पांढऱ्या साटिनवर रेशमानं फुलं, पशुपक्षी, बायबलमधल्या गोष्टी भरायच्या. काही आकृत्या आत भर घालून उठावदार करायच्या. भरलेले तुकडे मग कारागिराकडे जायचे. तो ते लाकडी पेटीवर बसवायचा आणि कडा रुपेरी फितीनं झाकायचा. मार्था एडलिन नावाच्या मुलीची अशी एक पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यावर मार्थाची आद्याक्षरं आहेत आणि साल आहे १६७१. तेव्हा मार्था अकरा वर्षांची होती.

मला मात्र जवळची वाटते ती हॅना स्मिथ. तिची पेटी मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनात आहे. त्या पेटीत हॅनानं स्वतःच्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. आपण १६५४ साली ऑक्सफर्डला गेलो, जवळजवळ दोन वर्षं राहिलो, तिथं हे काम पुरं केलं आणि १६५६ मध्ये लंडनला त्याची पेटी झाली, असं तिनं १६५७ साली लिहून ठेवलं. कशासाठी? तर पुढं आपल्यालाच विसर पडला तर आठवावं म्हणून, आणि कुणी चौकशी केली तर त्याला कळावं म्हणून! ऑक्सफर्डला गेली तेव्हा बारा वर्षांच्या आसपासची ही पोर. पण इतिहास म्हणजे काय, हे मला बी.ए.ला लावलेल्या पुस्तकांपेक्षा तिनं सोपं करून सांगितलं.

अशी पेटी श्रीमंताघरचीच. रेशीम महाग आणि मुलींना रिकामा वेळ हवा. गरिबाच्या घरात नक्षी आली ती यंत्रामुळं. फ्रान्समधल्या म्युलूझ गावच्या जोसुए हाइलमाननं १८२८च्या सुमारास भरतकामाचं यंत्र काढलं. त्याची सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि नेढं मधोमध. कारागीर एका हातानं नमुन्याच्या रेषेवरून दांडा फिरवायचा आणि सुयांच्या रांगा कापडावर तीच नक्षी एकदम भरायच्या. पुढं स्वित्झर्लंडच्या झांकट गालन भागात ही यंत्रं घराघरांत बसली. पुरुष यंत्र चालवी आणि बायकापोरं सुयांत दोरे ओवत बसत. १८६३ मध्ये तिथल्याच इझाक ग्रोब्लीनं होडीच्या आकाराच्या धोट्याचं यंत्र केलं. त्याचं नाव शिफली, म्हणजे छोटी होडी. १८९८ मध्ये त्याच्या मुलानं भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर यंत्र आपोआप चालवलं.

सुटे पॅच शक्य झाले तेही याच गावामुळं. १८८३ च्या सुमारास तिथं एक युक्ती निघाली. रेशमी कापडावर सुती धाग्यानं नक्षी भरायची आणि मग रसायनानं खालचं कापड विरघळवून टाकायचं. उरते ती नुसती धाग्याची जाळी. आजही हेच करतात, फक्त आता खालचा पडदा पाण्यातच विरघळतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती.

घरच्या शिलाई मशीनची गोष्ट वेगळी. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका मुलाखतीत सिंगरच्या मशीनला अपवाद केलं होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात, म्हणून प्रेमापोटी सिंगरनं ते केलं, असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षातला सिंगर संसाराच्या बाबतीत तसा नव्हता. पण मशीनमध्ये प्रेम असू शकतं, हे गांधीजींचं म्हणणं मला पटतं. ते माझ्या घरात होतं.

वडील पुस्तकबांधणी करायचे, अम्मा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवायची. घरात एक सागवानी पेटी होती. तिच्या झाकणावर डाळिंबांची वेल, लाल कापडाची फळं, हिरव्या धाग्याची पानं. मी लहानपणापासून ती बघत आलो आणि कधीच नीट बघितली नाही. अम्मा गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. कापड मळलं होतं, दोरे सुटले होते. पॉलिशवाल्यानं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "खरवडून टाका, बाजारचं असेल."

महिन्याभरानं आपा आली. पेटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वेल कुठं गेली रे?"

मग तिनं सांगितलं. १९७३ चा दुष्काळातला उन्हाळा. शिवायला कापड आणणार कोण? मशीन रिकामं पडलेलं. अम्मानं मशीनचा पाय काढला, दाते झाकले, चिंध्यांमधलं लाल कापड रिंगमध्ये ताणलं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत वेल भरली. कडा दाट टाक्यांनी बांधल्या, बाहेरचं कापड छोट्या कात्रीनं कापलं. वडिलांनी बांधणीची खळ दिली. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलेलं. आपा शेजारी बसून दोरे कापत होती. मी चार-पाच वर्षांचा, तिथंच झोपलेला.

एका कोपऱ्यात पॉलिशवाल्याची पटाशी पोचली नव्हती. तिथं दीड पान शिल्लक आहे. त्याच्या कडेला लाकडावर निळसर डाग दिसतो. तो मोरचुदाचा.

वहिनींच्या उत्तरानं झोंबलं ते याचसाठी. तेच उत्तर मी आधी देऊन बसलो होतो. बाजारचा पॅचही कुणीतरी केलेलाच असतो. सुरतेत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांवर असं भरतकाम निघतं, पण नमुना कुणीतरी आखतो, मशीनशी कुणीतरी उभा राहतो, सुटे दोरे घरोघरच्या बायका कापत बसतात. यंत्रानं त्यांची नावं पुसली नाहीत. आपण विचारायचं सोडलं.

लग्नाहून आल्यावर मी हॅनासारखी एक चिठ्ठी लिहिली आणि पेटीत ठेवली. त्यात अम्माचं नाव आहे. दोरे कापणाऱ्या आपाचं आहे, खळ देणाऱ्या वडिलांचं आहे आणि साल आहे. शेवटच्या ओळीत, वेल खरवडायला कुणी सांगितली, तेही नाव आहे. ते माझं.