परमिट रूम: एका पाटीची कुळकथा

गोव्यात शिरलं की पाटीवर नुसतं 'बार अँड रेस्टॉरंट' असतं. महाराष्ट्रात मात्र नाक्यानाक्यावर 'परमिट रूम'. हे परमिट खोलीचं असावं, असंच मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. ते असतं पिणाऱ्याचं.

या शब्दाचं मूळ दारूबंदीत आहे. मुंबई इलाख्यातल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. पुढे ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून सगळं राज्य कोरडं झालं. पण प्रकृतीसाठी दारू लागते, असा डॉक्टरचा दाखला आणला की सरकार परमिट देई. पाटीवरचं परमिट ते हे.

दाखला मिळवणं सगळ्यांना कुठून जमणार? गल्लीतलं पिणं मग घराघरांत शिरलं. वांद्रे, धोबीतलाव भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांत 'आंटी' हा शब्दच अड्ड्याचा पत्ता झाला. पिंपात काळा गूळ, नवसागर, सडकी फळं. पुढच्या खोलीत एक टेबल, बशीत उकडलेलं अंडं नाहीतर खारे चणे, आणि पोलीस येतात का ते बघायला पायरीवर बसवलेलं घरातलंच पोर. या दारूने माणसं दगावली, हे विसरून चालणार नाही. तरी या बायकांना नुसतं गुन्हेगार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कित्येक घरांची चूल त्या पिंपावर पेटत होती.

साठच्या दशकात, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, परमिटाच्या अटी सैल झाल्या. हॉटेलवाल्याला परवाना मिळू लागला, पण अट अशी की परमिटधारकांनी वेगळ्या खोलीत बसून प्यायचं. हीच ती रूम. बाहेर उसळपाव खाणारं कुटुंब, आत ग्लास, मध्ये दार किंवा पडदा.

काही इराण्यांनी अशा खोल्या काढल्या. त्यानंतर दक्षिण कन्नडातून आलेल्या शेट्टी मंडळींनी हा धंदा घरचा केला. अशा खोलीत आजही जाऊन बघा. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो, समोर उदबत्ती, गल्ल्यावर वडील, संध्याकाळी कॉलेजातून आलेला मुलगा. स्वयंपाकघर चुलतभावाकडे, वेटर बरेचसे गावाकडचेच. रोजचं गिऱ्हाईक बसायच्या आत त्याचा मसाला पापड तव्यावर पडलेला असतो. माझ्या मते या जागा टिकल्या त्या दारूपेक्षा या ओळखीवर. चकचकीत लाउंजमध्ये ती ओळख मिळत नाही, म्हणून आपल्या नाक्यावरची खोली बंद पडली की मला मनापासून वाईट वाटतं.

१९४९ चा तो दारूबंदी कायदा अजून रद्द झालेला नाही. त्याच्या नावातल्या 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं, एवढंच. परमिटही कायम आहे: एका दिवसाचं पाच रुपयांना, आयुष्यभराचं हजाराला.