काडतुसाची पुंगळी : पितळी व पोलादी

काडतुसातील दारू, आघाती टोपी व गोळी यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या नळकांड्यासारख्या धातूच्या आवरणास पुंगळी म्हणतात. गोळी उडाल्यावर मागे राहणारी रिकामी पुंगळी टाकाऊ वाटत असली, तरी रायफलीची सुरक्षितता व विश्वसनीयता बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असते. पुंगळी मुख्यतः पितळेची किंवा पोलादाची असते. नवी रायफल तयार करताना तिची घडण पुंगळीच्या धातूला अनुरूप ठेवता येते. जुन्या रायफलीची घडण बदलता येत नसल्यामुळे तिला मानवेल तीच पुंगळी निवडावी लागते. या निवडीत किंमतीपेक्षा रायफलीची रचना, हवामान व साठवण या गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

पूर्वेतिहास : धातूची पुंगळी प्रचारात येण्यापूर्वी दारू कोरडी ठेवणे हीच शस्त्रागाराची मुख्य चिंता असे. पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांचा सह्याद्रीलगतचा डोंगराळ भाग हे याचे बोलके उदाहरण होय. वेल्हे भागातील तोरणा व राजगड आणि भोरजवळचा रोहिडा हे किल्ले पावसाळ्यात अनेक दिवस धुक्यात व पावसात वेढलेले असतात. सोरा, गंधक व कोळसा यांपासून केलेली काळी दारू, विशेषतः सोरा अशुद्ध असल्यास, हवेतील ओल चटकन शोषून घेते. तोड्याच्या बंदुकीत दारू व गोळी वेगवेगळी भरून गजाने ठासावी लागे. कानावरील रंजक भिजले किंवा तोडा विझला, तर बंदूक निकामी होई. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर बांधावा आणि दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशा आशयाच्या सूचना आहेत. हे तिन्ही किल्ले पुढे पंत सचिवांच्या भोर संस्थानात मोडत. ८ मार्च १९४८ रोजी ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

दारू व गोळी एकत्र बांधलेले कागदी काडतूस ही पुढची पायरी होय. एन्फील्ड रायफलीच्या (१८५३) कागदी काडतुसास ओल लागू नये व गोळी सुलभपणे उतरावी, म्हणून चरबीयुक्त पदार्थ लावीत. त्यावरून निर्माण झालेला असंतोष हे १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरले. यानंतर मागून भरावयाच्या रायफली आल्या आणि दारूच्या संरक्षणाचे काम कागदाकडून धातूकडे गेले.

पितळेचा स्वीकार : ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्नायडर व १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. त्यांच्या बॉक्सर पद्धतीच्या काडतुसाची पुंगळी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली असून तिचे बूड लोखंडी चकतीचे असे. तापलेल्या व दारूच्या काजळीने माखलेल्या मार्टिनी-हेन्रीत ही पत्र्याची पुंगळी चिकटे. ती ओढून काढताना बूड हाती येई व उरलेला पत्रा आतच अडके. सुदान मोहिमेत (१८८४-८५) ऐन लढाईत असे प्रकार घडून सैनिकांचे प्राण धोक्यात आले. त्यामुळे पितळेच्या एकाच तुकड्यापासून ओढून काढलेली अखंड पुंगळी सर्वत्र रूढ झाली. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची वाटचाल याच संक्रमणकाळात सुरू झाली.

पुंगळीसाठी सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. .३०३ (७·७ मिमी.) रायफलीत बार उडताना दर चौ. सेंमी.ला सु. ३,००० किग्रॅ. दाब निर्माण होतो. या दाबाने पुंगळी फुगून कोठीच्या (नळीच्या मागील टोकातील काडतूस बसण्याच्या भागाच्या) भिंतीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि आकडीने सहज बाहेर निघते. मऊपणा व स्थितिस्थापकता यांचा असा मेळ पितळेत चांगला साधतो. निर्मितीत पुंगळीचे बूड कठीण ठेवतात व तोंडाकडील भाग अनुशीतनाने मऊ करतात.

पोलादाचा वापर : पोलादी पुंगळीचा उगम मुख्यतः टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीला तांब्याचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा तेथे अशा पुंगळ्या काढण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने रोगण दिलेल्या पोलादी पुंगळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या, अमेरिकेनेही.४५ पिस्तुलासाठी त्या तयार केल्या. सोव्हिएट रशियाने पोलाद हाच मुख्य धातू मानला. तेथील ७·६२ × ३९ मिमी. काडतूस बरेच निमुळते असल्याने थोडे सरकताच ते कोठीच्या भिंतीपासून सुटते. कलाश्निकॉव्ह रायफलीची घडणही त्याला साजेशी आहे.

पोलाद स्वस्त व वजनाने किंचित हलके असते. परंतु ते पितळेपेक्षा ताठर असल्याने कोठीच्या भिंतीशी तितके घट्ट बसत नाही. थोडा वायू मागे येऊन कोठीत काजळी साचते आणि पुढील पुंगळ्या अडकू लागतात. रोगण वितळून पुंगळी चिकटते, असा समज प्रचलित आहे; तथापि अडथळ्याचे मुख्य कारण ही काजळीच असते. तसेच नळीची अधिक झीज होते ती पुंगळीच्या पोलादामुळे नव्हे, तर अशा काडतुसांतील काही गोळ्यांवर असलेल्या पोलादी वेष्टनामुळे. पोलादी पुंगळीवरील रोगण खरचटल्यास दमट हवेत ती लवकर गंजते.

पितळेच्या मर्यादा : पितळही निर्दोष नाही. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांना पावसाळ्यात साठवणीतच तडे जात. विशेषतः घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांत हा दोष आढळे. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याची मीमांसा केली. पुंगळी ओढून काढताना धातूत राहिलेले प्रतिबल, हवेतील ओल आणि जनावरांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया या तिन्हींचा तो संयुक्त परिणाम होता. अनुशीतनाने प्रतिबल घालविणे व काडतुसे अमोनियापासून दूर ठेवणे हे त्यावरील उपाय होत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटामुळे बारानंतर नळीत क्षार उरतो. तो ओल खेचून नळी गंजवितो. यावर पाण्याने नळी धुणे व नंतर तेल लावणे हाच उपाय असून पुंगळी पितळी असो वा पोलादी, तो टाळता येत नाही.

जुन्या रायफलीसाठी निवड : ली-एन्फील्ड (१८९५) व तिच्या सुधारित आवृत्त्या पितळी पुंगळी गृहीत धरूनच घडविल्या आहेत. चिखलमाती लागलेले काडतूसही बसावे म्हणून त्यांची कोठी काहीशी सैल असते; वापराने ती आणखी झिजते. ही उणीव मऊ पितळ भरून काढते. ताठर पोलाद तितकी भरून काढू शकत नाही. .३०३ काडतुसाच्या बुडाला कडा असून आकडी तिला पक्की धरते, हे खरे. परंतु पुंगळी घट्ट अडकल्यास कडा सुटण्याचा वा फाटण्याचा संभव राहतो. मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी महाराष्ट्र पोलिसांकडे या रायफली होत्या, यावरून जुने शस्त्र किती दीर्घकाळ सेवेत राहते हे ध्यानात येते.

भारतात .३०३ रायफल सामान्य नागरी परवान्यावर मिळत नाही. नागरिकांसाठी ईशापूर कारखान्याने.३१५ (८ मिमी.) व्यासाची रायफल तयार केली. तिच्या काडतुसांच्या पितळी पुंगळीच्या बुडावर आढळणारी ‘केएफ’ ही अक्षरे खडकी कारखान्याची निदर्शक आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना, वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखान्यासह, म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा घटक आहे.

सारांश, पोलादी पुंगळीतील बचत तिच्यासाठीच घडविलेल्या शस्त्रात पदरात पडते. जुन्या रायफलीला, त्यातही मावळासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात, पितळी पुंगळीच अधिक भरवशाची ठरते. मात्र पुंगळी पितळेची असली, तरी काडतुसे कोरड्या जागी व जनावरांच्या गोठ्यांपासून दूर ठेवणे आवश्यक असते. दारूला ऊन देण्याची गडावरील जुनी शिस्त धातूच्या पुंगळीमुळे सौम्य झाली, अनावश्यक ठरली नाही.