रोजे आणि शुगरची औषधे : तयारी रमजानपूर्वीच का करायची?

रमजान जवळ आला की घराघरांत सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटते. त्याच फ्रिजमध्ये अब्बांचे इन्सुलिन असते, पण त्याचे वेळापत्रक कुणी ठरवलेले नसते. पहिल्या रोज्याच्या सेहरीला मग प्रश्न पडतो : आता ही सुई घ्यायची की नाही? अजानला दहा मिनिटे उरलेली असताना हा प्रश्न सुटत नाही.

मधुमेह, म्हणजे आपल्या बोलीतली 'शुगर', आता मोहल्ल्यातल्या एखाद-दुसऱ्या घरापुरती राहिलेली नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी जे मुसलमान आहेत, त्यातले बहुसंख्य रोजे ठेवतात, हे वेगळ्या एका मोठ्या अभ्यासातून कळते. 2001 मध्ये भारतासह 13 देशांत 12 हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. एपिडियार या नावाने ती ओळखली जाते. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते. टाइप 1 मध्ये, म्हणजे ज्यांचा जीव इन्सुलिनवरच अवलंबून असतो त्यांच्यातही, हे प्रमाण 43 टक्क्यांच्या आसपास होते. शुगर एकदम घसरून गंभीर अवस्था होण्याचे प्रमाण मात्र रमजानमध्ये टाइप 1 मध्ये 4.7 पट आणि टाइप 2 मध्ये 7.5 पट झाले.

"शुगरवाल्यांनी रोजे ठेवूच नयेत" एवढे बोलून डॉक्टर मोकळे झाले तरी लोक ठेवणारच, हे या आकड्यांतून दिसते. म्हणून गेल्या काही वर्षांत डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्या संशोधनाचा रोख बदलला. ठेवायचेच असतील तर कोणी ठेवावेत, औषध कोणते, किती आणि कधी, हा आता मुख्य प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि 'डायबिटीज अँड रमदान' या संघटनेने यावर 2016 मध्ये सविस्तर मार्गदर्शिका काढली आणि 2021 मध्ये ती सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, असे ती सांगते. म्हणजे शाबान उजाडण्याच्याही आधी, रजबमध्येच.

लोक स्वतःच्या मनाने काय करतात, याचाही अभ्यास झालेला आहे. कुवेतमधील 325 रुग्णांवरचा एक अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 64 टक्के रुग्णांनी रमजानमध्ये औषध घेण्याची पद्धत बदललेली होती. काहींनी तर दिवसभराच्या सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या होत्या. आपल्याकडे यापेक्षा फार वेगळे चित्र असेल, असे आम्हाला वाटत नाही.

आता औषधांकडे येऊ. एक गोष्ट आधीच सांगतो, खालील माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून आहे. ती वाचून घरीच डोस बदलू नका.

मेटफॉर्मिन ही सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोकादायक पातळीवर घसरण्याची शक्यता कमी असते. दिवसातून एकदा असेल तर ती इफ्तारला, दोनदा असेल तर इफ्तार आणि सेहरीला घेतात. तीनदा असेल तर दुपारची मात्रा इफ्तारच्या गोळीबरोबर जोडली जाते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गटातल्या गोळ्यांत सहसा बदल लागत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, सोबत पाणीही जाते. त्यामुळे त्या इफ्तारला घ्यायच्या आणि रात्री पाणी भरपूर प्यायचे. ऐन रमजानच्या तोंडावर ही गोळी नव्याने सुरू करत नाहीत.

खरी काळजी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाची. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळची गोळी तशीच सेहरीला घेतली तर दुपारनंतर, असरच्या सुमारास, हात थरथरणे, घाम, धडधड सुरू होऊ शकते. त्यातही ग्लिबेनक्लामाइड रोज्यात टाळावी असाच सल्ला आहे. बाकीच्यांत मुख्य मात्रा इफ्तारला आणि सेहरीची मात्रा कमी, असा साधारण नियम.

आपल्याकडे एक अडचण खास आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत घातलेल्या जोडगोळ्या इथे प्रचंड विकल्या जातात. पत्त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव असते आणि आत काय आहे ते बारीक अक्षरात. डॉक्टरांनी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एखाद्या संदेशाने "मेटफॉर्मिन सेहरीला चालते" असे सांगितले, की अम्मी तीच जोडगोळी सेहरीला घेतात आणि नकळत ग्लिमेपिराइडही पोटात जाते. अर्धी तोडून घ्यावी म्हटले तर तेही बरोबर नाही. यातल्या बहुतेक गोळ्यांत मेटफॉर्मिन हळूहळू सुटणारे असते, ती चुरली की एकदम सुटते. अशा वेळी दोन्ही औषधे वेगवेगळी लिहून द्यायला डॉक्टरांना सांगावे लागते. पत्ता बघून हे दोन मिनिटांत ओळखणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट.

इन्सुलिनचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. दिवसातून एकदा घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन बहुधा 15 ते 30 टक्के कमी करून इफ्तारला देतात. सकाळ-संध्याकाळच्या मिश्र इन्सुलिनमध्ये सकाळची मोठी मात्रा इफ्तारला जाते आणि संध्याकाळची मात्रा 25 ते 50 टक्के कमी करून सेहरीला. नेमका आकडा डॉक्टरच ठरवतील. इन्सुलिन डुकरापासून बनते ही शंका अजून ऐकू येते. पूर्वी ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत हे खरे, पण 1982 पासून जिवाणूंच्या मदतीने प्रयोगशाळेत तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आहे आणि आज प्रामुख्याने याच प्रकारच्या पद्धतींनी बनवलेले मिळते.

रोजा कधी सोडायचा? शुगर 70 च्या खाली गेली, 300 च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे सुरू झाले, तर लगेच. "मगरिबला अर्धाच तास उरलाय" हा हिशेब इथे करू नये, त्या अर्ध्या तासात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शुगर घसरली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. बोट टोचून शुगर तपासल्याने किंवा इन्सुलिनच्या सुईने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात, तरीही लोक दुपारी तपासायचे टाळतात. मनात शंका असेल तर आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांना आधीच विचारून घ्यावे. आजाऱ्याला दिलेली सवलत सूरह बकरामध्येच आहे, कजा आणि फिदियाचा मार्गही आहे. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, बिघडलेली किडनी, गेल्या तीन महिन्यांत शुगर घसरून झालेला गंभीर प्रसंग, यांपैकी काही असेल तर ही सवलत घ्यावी, असे वैद्यकीय मत आहे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना एवढे बोलायला वेळ नसतो. मेडिकल मात्र गल्लीच्या तोंडाशी असते आणि महिन्यातून एकदा तरी आपण तिथे जातोच. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावणे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामातच मोडते. फक्त काउंटरवर उभा असलेला मुलगा म्हणजे फार्मासिस्ट असेलच असे नाही. दुकानात लावलेल्या परवान्यावर ज्यांचे नाव आहे त्यांना विचारा.

जमातींनी आणि तरुण मंडळांनी शाबानमध्ये एक शिबिर घेतले तर? फार खर्च नाही. एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट, ग्लुकोमीटर आणि एकच सूचना : घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन या. जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदच्या अंगणात घेतलेल्या शिबिरात पुरुषच येतात, हे आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही. सेहरीला काय शिजते, कोणाला उठवायचे, गोळी कोण देते, हे सारे बायकांच्या हातात असते. त्यांच्यासाठी शाळेत, मदरशात किंवा कोणाच्या घरी दुपारची वेगळी वेळ ठेवावी लागेल.

अशा शिकवणीचा उपयोग होतो का? लंडनमध्ये 111 मधुमेही रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. रमजानपूर्वी वर्गाला बसलेल्या गटात शुगर घसरण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. वर्गाला न आलेल्या गटात ते 9 वरून 36 वर गेले. वर्गाला येणारे लोक मुळातच जास्त काळजी घेणारे असू शकतात, हे लक्षात ठेवले तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

शेवटची गोष्ट ईदची. सकाळी शीरखुर्मा, दुपारी बिर्याणी आणि डोस मात्र अजून रमजानचाच, असे अनेक घरांत होते. जुना डोस कोणत्या दिवसापासून आणि कसा सुरू करायचा, हे रमजानपूर्वीच्या त्याच भेटीत विचारून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. वेळापत्रकाशेजारी ती चिठ्ठीही फ्रिजवर लावता येईल.